प्रमाणपत्र देणाऱ्याची पडताळणी कोण करणार?

‘प्रमाणपत्र पडताळणी’ हे दोन शब्द कानावर पडले की आपल्या समाजातील माणसाच्या पोटात गोळा येतो. या दोन शब्दांत त्याच्या मुलीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश अडकलेला असतो, मुलाची नोकरी अडकलेली असते, वस्तीतील कार्यकर्त्याचे निवडून आलेले पद अडकलेले असते. शाळा सोडल्याचा दाखला आणा, वडिलांचा दाखला आणा, आजोबांचा कोतवाल बुकातील उतारा आणा, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र करा. अनुसूचित जातीचे असाल तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, अनुसूचित जमातीचे असाल तर ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा आणि विमुक्त-भटक्यांपैकी असाल तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा दाखवा. ज्यांच्या आजोबांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांच्याच नातवाकडे आजोबांच्या शाळेचा कागद मागितला जातो. याला आपल्याकडे पडताळणी म्हणतात.

हेच दोन शब्द संगणकाच्या जगातही आहेत, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. ज्या ईमेलवरून आज आपले अर्ज जातात, निकाल येतात, वकिलाला कागद पाठवले जातात, त्या ईमेलच्या सॉफ्टवेअरमध्येही प्रमाणपत्रे असतात आणि त्यांची पडताळणी व्हावी लागते. माणसाच्या कागदासाठी तीन पिढ्या मागे जाणाऱ्या या जगात यंत्राच्या प्रमाणपत्राची पडताळणी कशी झाली, अनेकदा ती झालीच कशी नाही, आणि त्याचा जाब कोणी कोणाला विचारला, हा प्रश्न चळवळीच्या वाचकांपुढे मांडण्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम ही प्रमाणपत्राची भानगड काय आहे ते समजून घेऊ.

मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत घोडबंदर रस्त्यावर चेणे गाव आहे. एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल, दुसऱ्या अंगाला वसईची खाडी आणि मध्ये गाव व आदिवासी पाडे. समजा, येथल्या पाड्यावरची एखादी मुलगी बारावी झाली. तिने जमातीच्या दाखल्याच्या वैधतेसाठी अर्ज केला. हा अर्ज कोकण विभागाच्या ठाणे येथील समितीकडे जातो. अर्जात ईमेलचा पत्ता लिहावा लागतो. तिच्या घरी संगणक नाही. कोणाच्या तरी मोबाईलवर किंवा नेट सेंटरवर जाऊन ती आपली ईमेल उघडते. पासवर्ड टाकते. तो पासवर्ड तिच्या समोरच्या यंत्रातून निघून ईमेल कंपनीच्या यंत्राकडे, म्हणजे सर्व्हरकडे जातो. वाटेत वायफायचा डबा आहे, केबलवाल्याचे जाळे आहे, आणखी दहा ठिकाणे आहेत. त्यातल्या कोणी मध्येच हात घालून ‘मीच तो ईमेल कंपनीचा सर्व्हर’ असे सांगितले तर? मुलीचा पासवर्ड त्याच्या हातात जाईल. तिला आलेले पत्र तो वाचेल, हवे तर बदलेल, हवे तर गायब करील. त्रुटी पूर्ण करण्याचे पत्र आले होते आणि तिला ते मिळालेच नाही, तर तिचे एक वर्ष बुडाले.

हे होऊ नये म्हणून सर्व्हरने आपली ओळख पटवायची असते. तो एक प्रमाणपत्र दाखवतो. त्यावर त्याचे नाव असते, मुदत असते आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची डिजिटल स्वाक्षरी असते. त्या संस्थेला वरच्या संस्थेने प्रमाणित केलेले असते. अशी साखळी वर वर जात शेवटी मूळ संस्थेपर्यंत पोहोचते. या मूळ संस्थांची यादी आपल्या संगणकात आणि मोबाईलमध्ये आधीच भरून दिलेली असते. ईमेलच्या सॉफ्टवेअरने ही साखळी खालपासून वरपर्यंत तपासायची, नाव जुळते का पाहायचे, मुदत संपली आहे का पाहायचे आणि मगच पासवर्ड पुढे पाठवायचा. सगळी भिस्त या तपासणीवर. तपासणी कच्ची राहिली की कुलूप दिसते, पण दार उघडेच असते.

आता २००२ सालची गोष्ट पाहा. त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला मीरा-भाईंदर महापालिका स्थापन झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माइक बेनहॅम नावाच्या संशोधकाने जगापुढे एक दोष मांडला. हाच माणूस पुढे मॉक्सी मार्लिनस्पाइक या नावाने प्रसिद्ध झाला. दोष मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरमध्ये होता, म्हणजे जगातील बहुसंख्य संगणकांत होता. साखळीतील प्रत्येक स्वाक्षरी खरी आहे की नाही हे ते सॉफ्टवेअर तपासत होते. परंतु स्वाक्षरी करणाऱ्याला दुसऱ्याला प्रमाणपत्र देण्याचा अधिकार आहे की नाही, हेच ते तपासत नव्हते. वास्तविक त्यासाठी प्रमाणपत्रात स्वतंत्र रकाना असतो. ‘हा प्रमाणपत्र देणारा अधिकारी आहे’ किंवा ‘हा केवळ प्रमाणपत्रधारक आहे’ असे त्यात नोंदलेले असते. सॉफ्टवेअर तो रकाना वाचतच नव्हते.

आपल्या भाषेत सांगायचे तर असे समजा. एका धनदांडग्याच्या पोराने प्रांत अधिकाऱ्याकडून स्वतःचा दाखला घेतला. दाखला खरा, सही खरी, शिक्का खरा. मग त्याने स्वतःच कागद घेऊन मित्राला दाखला लिहून दिला आणि खाली स्वतःची सही केली. मित्र तो घेऊन समितीपुढे गेला. समितीने पाहिले, मित्राच्या दाखल्यावर पोराची सही आहे, ती खरी आहे. पोराच्या दाखल्यावर प्रांताची सही आहे, तीही खरी आहे. सबब मित्राचा दाखला वैध! ‘अरे, या पोराला दाखले वाटण्याचा अधिकार कोणी दिला?’ हा एकच प्रश्न समितीने विचारला नाही. २००२ साली जगभरातल्या संगणकांत नेमके हेच चालले होते. कोणीही एक साधे खरे प्रमाणपत्र विकत घ्यावे आणि त्याच्या जोरावर बँकेच्या, ईमेल कंपनीच्या, कोणाच्याही नावाचे बनावट प्रमाणपत्र तयार करावे.

हा दोष फक्त वेबसाइट पाहण्यापुरता नव्हता. आउटलुकसारखे ईमेल सॉफ्टवेअर डिजिटल स्वाक्षरी केलेली पत्रेही याच पद्धतीने तपासत होते. म्हणजे दुसऱ्याच्या नावाने स्वाक्षरी केलेले बनावट पत्र पाठवता येत होते आणि ते उघडणाऱ्याला ‘स्वाक्षरी ठीक आहे’ असे संगणकच सांगत होता. मायक्रोसॉफ्टने ४ सप्टेंबर २००२ रोजी यावर अधिकृत निवेदन काढून दुरुस्ती द्यायला सुरुवात केली. कॉन्करर या मुक्त सॉफ्टवेअरमध्येही असाच दोष आढळला आणि तो चटकन दुरुस्त झाला. ज्याचा मूळ मजकूर सर्वांना पाहता येतो त्याची चूक सर्वांना शोधता येते आणि दुरुस्तही करता येते, हे येथे नोंदवले पाहिजे.

वाचकहो, ‘हा अधिकार तुला कोणी दिला?’ हा प्रश्न आपल्याला नवा नाही. दुसऱ्याची पात्रता ठरवण्याचा अधिकार स्वतःच स्वतःला देणाऱ्यांना हाच प्रश्न विचारत आपली चळवळ उभी राहिली. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मोठमोठ्या अभियंत्यांना तो सुचला नाही. याचे कारण बुद्धीची कमतरता नव्हे. वरून आलेला शिक्का दिसला की पुढे चौकशी करायची नाही, ही सवय त्यामागे आहे.

कोणी म्हणेल, ही वीस वर्षांहून जुनी गोष्ट झाली. तर मग पुढचे ऐका.

२०११ साली नेदरलँड्समध्ये डिजिनोटार नावाच्या प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीत घुसखोरी झाली. घुसखोरांनी गुगलच्या नावाचे बनावट प्रमाणपत्र बनवले. ते वापरून प्रामुख्याने इराणमधील लोकांच्या जीमेलवर पाळत ठेवली गेली. सुमारे ३ लाख इंटरनेट पत्ते त्यात सापडले. येथे पडताळणी करणारे सॉफ्टवेअर बरोबर होते, प्रमाणपत्र देणारा कच्चा निघाला. कंपनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिवाळखोर झाली. परंतु ज्या इराणी कार्यकर्त्याची पत्रे त्याच्या सरकारच्या हाती पडली असतील, त्याला या दिवाळखोरीने काय मिळाले?

आणि २०१४ साली हे आपल्याच देशात घडले. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये आपल्याकडे प्रमाणन प्राधिकरणांचे नियंत्रक हे पद आहे. हा आपल्या साखळीचा सर्वात वरचा दुवा. त्याच्या खाली नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटर, म्हणजे एनआयसी, प्रमाणपत्रे देत होती. सरकारी वेबसाइट आणि त्या काळची सरकारी ईमेल चालवणारी हीच संस्था. जुलै २०१४ च्या सुरुवातीला गुगलच्या लक्षात आले की एनआयसीच्या अधिकारातून गुगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली आहेत. नियंत्रकांनी ३ जुलै रोजी एनआयसीचे प्रमाणपत्र देण्याचे अधिकारच रद्द केले. एनआयसीच्या प्रमाणपत्र देण्याच्या यंत्रणेत घुसखोरी झाली आणि चार प्रमाणपत्रे चुकीची दिली गेली, असे चौकशीनंतर सांगण्यात आले. त्यावर गुगलने जाहीर केले की या चारांपलीकडची बनावट प्रमाणपत्रेही आमच्याकडे आहेत, म्हणून घुसखोरी कुठवर गेली हे सांगता येत नाही. मायक्रोसॉफ्टने १० जुलै रोजी एकूण ४५ प्रमाणपत्रे अविश्वसनीय ठरवली. गुगलने आपल्या ब्राउझरमध्ये भारताच्या मूळ प्रमाणपत्रावरचा विश्वास काही ठरावीक सरकारी, शैक्षणिक आणि बँकिंग पत्त्यांपुरता मर्यादित केला. फायरफॉक्स वापरणाऱ्यांना या प्रकरणाची झळ लागली नाही, कारण फायरफॉक्सच्या यादीत हे मूळ प्रमाणपत्र नव्हतेच.

आता या दोन पडताळण्यांची तुलना करा. कागदात नावाच्या एका वेलांटीचा फरक आढळला तर आपल्या मुलाला दक्षता पथकाच्या चौकशीला सामोरे जावे लागते. आडनाव बदलले असेल तर राजपत्र दाखवावे लागते. बौद्ध झालेल्या कुटुंबाला तर धर्मांतरापूर्वीची जात आणि आजचा धर्म यांच्या नोंदी जुळवता जुळवता नाकी नऊ येतात. आणि देशाच्या प्रमाणपत्र यंत्रणेलाच खिंडार पडते तेव्हा त्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते. गावोगावच्या सेतू केंद्रात बसलेल्या मुलाला, ईमेल उघडणाऱ्या विद्यार्थ्याला त्याविषयी कोणी काही सांगत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपण पडताळणीच्या विरोधात नाही. जातीच्या दाखल्यांची पडताळणी ही तर आपलीच मागणी होती. बोगस दाखले काढून आदिवासींच्या आणि दलितांच्या जागा लाटणाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली माधुरी पाटील प्रकरणात छाननी समित्यांची रीत घालून दिली, त्यानंतर महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला. बोगस दाखल्यावर मिळवलेली नोकरी टिकणार नाही, हेही न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केले. हे योग्यच झाले. आणि समितीने आंधळेपणाने चालू नये, हेही न्यायालयाने सांगितले आहे. रूढी-परंपरांच्या प्रश्नोत्तरांवरून जमात ठरवण्याची आप्तभाव चाचणी ही प्रत्येक प्रकरणातली अंतिम कसोटी नव्हे, असा निर्णय २०२३ साली आला. म्हणजे पडताळणी हवीच. ती डोळसपणे हवी आणि सर्वांची हवी. जो कागद दाखवतो त्याची करता, तशी जो कागद देतो त्याचीही करा. आपले म्हणणे एवढेच आहे.

ईमेलच्या बाबतीत आजही हे होत नाही, याचे दोन दाखले देतो.

पहिला दाखला मोबाईलचा. अँड्रॉइडच्या जुन्या ईमेल ॲपमध्ये खाते जोडताना एक पर्याय येत असे, ‘सर्व प्रमाणपत्रे स्वीकारा’. म्हणजे समोर कोणीही आला आणि त्याने कसलाही कागद दाखवला तरी आत घ्या. हा पर्याय मुळात देणेच चूक. परंतु ज्या कार्यालयाचे किंवा कॉलेजचे प्रमाणपत्र मुदत संपलेले असते, तेथील संगणक विभागच कर्मचाऱ्यांना ‘तो पर्याय निवडा, म्हणजे ईमेल चालू होईल’ असे सांगतो. संगणकावरही तेच. ‘हे प्रमाणपत्र विश्वसनीय नाही’ अशी सूचना येते, आणि शेजारचा जाणकार सांगतो, ‘पुढे जा म्हण, काही होत नाही.’ प्रमाणपत्राचे नूतनीकरण न करण्याचा आळस वरच्याचा, धोका मात्र खालच्याच्या माथी.

दुसरा दाखला याहून मोठा. आपण पत्र पाठवले की ते आपल्या कंपनीच्या सर्व्हरवरून समोरच्याच्या कंपनीच्या सर्व्हरकडे जाते. ही दोन यंत्रे आपसात बोलताना बहुधा संदेश सांकेतिक रूपात पाठवतात, पण समोरच्या यंत्राचे प्रमाणपत्र खरे आहे का, याचा आग्रह परंपरेने धरला जात नाही. पत्र अडू नये म्हणून ही सवलत. ती बंद करून प्रमाणपत्र तपासणे सक्तीचे करण्याचा एक जागतिक मानक २०१८ साली आला. तो लागू करणे मात्र प्रत्येक संस्थेच्या मर्जीवर आहे. आपली महापालिका, आपली समिती, आपले विद्यापीठ यांनी तो लागू केला आहे काय, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत करता येतो.

प्रमाणपत्रांच्या या गोंधळाचा एक नमुना तर प्रत्येक वाचकाने पाहिला असेल. सेवा केंद्रातून मिळणारा दाखला डिजिटल स्वाक्षरीचा असतो. तो संगणकावर उघडला की स्वाक्षरीच्या जागी अनेकदा पिवळे प्रश्नचिन्ह दिसते आणि ‘स्वाक्षरीची वैधता अज्ञात’ असे इंग्रजीत उमटते. कारण तेच, त्या संगणकाच्या यादीत भारताचे मूळ प्रमाणपत्र नसते. मग केंद्रचालक दोन-चार ठिकाणी क्लिक करून ते हिरवे करून देतो, किंवा प्रश्नचिन्हासकट प्रिंट काढून हातात देतो. त्या प्रिंटवर कॉलेजचा कारकून शंका घेतो आणि विद्यार्थ्याला परत पाठवतो. वास्तविक डिजिटल स्वाक्षरी कागदावर छापली की ती स्वाक्षरीच राहत नाही. तिची तपासणी फक्त मूळ फाइलमध्ये होते. पण हे त्या कारकुनाला कोणी शिकवलेले नाही. यंत्रणेने विद्यार्थ्याला अर्धवट कागद दिला आणि त्या अर्धवटपणाची शिक्षाही विद्यार्थ्यालाच दिली.

येथवर वर्ष बुडण्याची, प्रवेश हुकण्याची गोष्ट झाली. परंतु ईमेलवरचा विश्वास माणसाला तुरुंगात नेऊ शकतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे.

३१ डिसेंबर २०१७ रोजी शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगाव येथे जमलेल्या आपल्या बांधवांवर हल्ला झाला. त्यानंतर पुणे पोलिसांनी आणि पुढे राष्ट्रीय तपास यंत्रणेने देशभरातील सोळा जणांना अटक केली. रोना विल्सन यांच्या संगणकात सापडलेली पत्रे हा त्या खटल्यातील एक मोठा आधार. बचाव पक्षाच्या विनंतीवरून अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने त्या संगणकाची प्रत तपासली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचा अहवाल पुढे आला. अहवालानुसार १३ जून २०१६ रोजी वरवरा राव यांच्या ईमेल खात्यावरून कोणीतरी विल्सन यांना पत्रे पाठवली. त्यातील जोडपत्र उघडताच ‘नेटवायर’ नावाचे हेरगिरीचे सॉफ्टवेअर संगणकात शिरले आणि त्याच्या साहाय्याने ती पत्रे संगणकात पेरली गेली. तपास यंत्रणेने हे निष्कर्ष मान्य केलेले नाहीत आणि याचा निवाडा न्यायालयाने करायचा आहे. दरम्यान ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी कोठडीतच गेले. रोना विल्सन आणि ‘विद्रोही’चे संपादक सुधीर ढवळे यांना उच्च न्यायालयाने जामीन दिला तो जानेवारी २०२५ मध्ये, सहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढल्यावर.

या प्रकरणात सर्व्हरच्या प्रमाणपत्राचा दोष होता असे मी म्हणत नाही. अहवाल खरा धरला तर पत्र खऱ्या खात्यावरून आले होते. सर्व्हर खरा, प्रमाणपत्र खरे, कुलूपही खरे, आणि खात्यामागे बसलेला माणूस मात्र भलताच. यातूनच प्रमाणपत्राची मर्यादा कळते. प्रमाणपत्र यंत्राची ओळख सांगते. त्या यंत्रामागे कोण बसला आहे आणि त्याच्या मनात काय आहे, हे ते सांगू शकत नाही.

न्यायालयातही असेच एक प्रमाणपत्र लागते. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडलेच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली जालन्याच्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निवडणूक प्रकरणात ठामपणे सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये तर त्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा डिजिटल अंगठाच, नोंदवावा लागतो. ही चांगली सुधारणा आहे. परंतु तो अंगठा काय सिद्ध करतो? न्यायालयापुढची प्रत आणि जप्त केलेली फाइल एकच आहे, इतकेच. ती फाइल संगणकात कोणी ठेवली, हे तो सिद्ध करत नाही. तेथेही प्रमाणपत्रापाशी थांबून चालत नाही.

आता शेवटचा आक्षेप. काही कार्यकर्ते म्हणतील, ‘आमच्या वस्तीत पाण्याचा प्रश्न आहे, पट्ट्याचा प्रश्न आहे, शिष्यवृत्ती महिनोन्महिने रखडते. हे प्रमाणपत्र आणि सर्व्हरचे कौतुक शहरातल्या शिकलेल्यांना सांगा.’ हा आक्षेप रास्त वाटतो, पण तो टिकत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन आहे. वैधतेचा अर्ज ऑनलाइन आहे. सातबारा ऑनलाइन आहे. पाड्यावरच्या माणसाला आपण संगणक देऊ शकलो नाही, पण सरकारने त्याचे सगळे आयुष्य मात्र संगणकात नेऊन ठेवले आहे. ज्याच्याकडे पैसा आहे त्याचे खाते लुटले गेले तर तो वकील लावेल, बँकेत ओळख काढेल. चेण्याच्या मुलीचे पत्र हरवले तर ती काय करील? ते हरवले आहे हेही तिला कळणार नाही. म्हणून हा प्रश्न आधी आपला आहे.

यासाठी चळवळीने काही ठोस मागण्या केल्या पाहिजेत. जात आणि जमात पडताळणी समित्या, महापालिका, विद्यापीठे यांच्या ईमेल आणि वेबसाइटची प्रमाणपत्रे मुदतीत नूतनीकरण झालीच पाहिजेत. मुदत संपू दिली तर जबाबदार अधिकाऱ्याचे नाव जाहीर व्हावे. कोणत्याही कार्यालयाने नागरिकाला ‘सूचना आली तरी पुढे जा’ असे सांगू नये. केवळ ईमेल पाठवली म्हणून अर्जदाराला नोटीस मिळाली असे धरू नये. प्रवेश किंवा नोकरी पणाला लागलेली असेल तेथे टपालानेही पत्र गेले पाहिजे. डिजिटल दाखल्याची तपासणी स्वीकारणाऱ्या कार्यालयाने मूळ फाइलवर स्वतः करावी, विद्यार्थ्याला प्रश्नचिन्हाची शिक्षा देऊ नये. सरकारी यंत्रणेत घुसखोरी झाली तर ज्यांची माहिती गेली त्यांना मराठीत, समजेल अशा शब्दांत कळवावे. व्यक्तिगत डेटाचा कायदा २०२३ साली झाला, त्यात बाधित व्यक्तीला कळवण्याचे बंधन आहे. ते बंधन सरकारी कार्यालयांनी सर्वप्रथम पाळून दाखवावे. आणि आंदोलनातील माणसांचे संगणक जप्त होतात तेव्हा जागेवरच हॅश व्हॅल्यू नोंदवून तिची प्रत त्यांच्या हाती द्यावी.

काही काम आपल्यालाही करायचे आहे. वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनी, शिकलेल्या तरुणांनी विहारात, समाजमंदिरात आठवड्यातून एक तास बसून लोकांचे मोबाईल पाहून द्यावेत. ॲप अद्ययावत करून द्यावे, कारण जुन्या सॉफ्टवेअरमधले दोष तसेच राहतात. ईमेलला पासवर्डाबरोबर दुसरी खूण लावून द्यावी. प्रमाणपत्राची सूचना आली की थांबायचे, पासवर्ड टाकायचा नाही, हे शिकवावे. ओळखीच्याच्या नावाने जोडपत्र आले तरी उघडण्याआधी फोन करून विचारायचे, हेही शिकवावे. अर्ज कसा लिहावा हे आपल्या आधीच्या पिढीने वस्तीवस्तीत शिकवले. त्याच कामाचा हा पुढचा भाग आहे.

संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी इशारा दिला होता की कितीही थोर माणूस असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या चरणी वाहू नका. माणसाविषयी जे खरे, ते कंपनीविषयी, सरकारी खात्याविषयी आणि संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या त्या छोट्या कुलपाविषयीही खरे आहे. आपल्या तीन पिढ्यांचे कागद तपासणाऱ्यांना आता आपणही सांगू या की तुमचाही कागद दाखवा, आणि तो देण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला तेही दाखवा.

जय भीम!